पऱ्हाटीची कुळकथा : लक्षणे आणि जनुके यांच्या साक्षीने

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात, मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि त्याच्या आसपासच्या गावांत, मृगाचा पाऊस धरला की सरकी टोबली जाते, पोळ्याच्या सुमारास झाडावर पाती आणि फुले दिसू लागतात आणि दसरा-दिवाळीच्या बेताला वेचणीची लगबग सुरू होते. या झाडाला वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात, कृषिखात्याच्या कागदांवर ते कपाशी असते, आणि वनस्पतिशास्त्र त्याला ‘गॉसिपियम’ या प्रजातीत बसवते. शास्त्रीय परिभाषेत ‘जाती’ हा वर्गीकरणाचा मूळ घटक असून निकटच्या जातींच्या समूहाला ‘प्रजाती’ म्हणतात. गॉसिपियम प्रजातीत जगभर सुमारे ५० जाती मोडतात. त्यांपैकी धाग्यासाठी लागवडीखाली आलेल्या जाती चारच आहेत, आणि त्या चारही जातींची व्यापारी लागवड भारतात होते. गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेसियम या दोन जाती आशिया-आफ्रिकेतल्या असून त्यांना आपल्याकडे ‘देशी’ म्हणतात. गॉसिपियम हिर्सुटम आणि गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत.

वऱ्हाडातील आजची बहुतेक पऱ्हाटी हिर्सुटम जातीची आहे आणि आजोबा-पणजोबांच्या काळातली आर्बोरियम जातीची होती. धुऱ्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी उभी असली, तर रस्त्याने जाणाऱ्याला दोन्हींकडे पऱ्हाटीच दिसेल. तरीही त्या दोघींतले आनुवंशिक अंतर इतके मोठे आहे की त्यांच्या संकरातून निघालेले झाड जवळपास वांझ निघते. उलट पान, फुलाचा रंग आणि उंची या बाबतींत एकमेकांशी अजिबात न जुळणारी दोन झाडे एकाच जातीची असू शकतात. निकटच्या जाती वेगळ्या ओळखायच्या तर दिसणाऱ्या फरकांची नुसती बेरीज उपयोगी पडत नाही. प्रत्येक फरकामागे किती आणि कोणती जनुके आहेत हे पाहून त्या फरकाला वजन द्यावे लागते. कपाशीच्या अभ्यासाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हे वजन ठरवण्याचाच इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग भारताच्या काळ्या मातीत घडलेला आहे.

शेतात दिसणाऱ्या खुणा

कपाशीची जाती ओळखण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे पाते, म्हणजेच न उमललेली कळी. प्रत्येक पात्याभोवती तीन हिरवी पानासारखी आवरणे असतात. फूल गळून बोंड धरले तरी ती बोंडाला चिकटून राहतात, आणि वेचणीच्या वेळी त्यांचाच वाळलेला चुरा रुईत मिसळून कापसाची प्रत बिघडवतो. वनस्पतिशास्त्रात या आवरणांना छदके म्हणतात. आर्बोरियमची छदके त्रिकोणी, रुंदीपेक्षा लांबीला जास्त आणि पात्याला घट्ट लपेटून बसलेली असतात. त्यांच्या कडा सरळ असतात किंवा टोकाशी तीन-चार जाडसर दाते असतात. हर्बेसियमची छदके लांबीपेक्षा रुंद, बोंडापासून बाहेर फाकलेली आणि सहा ते आठ दात्यांची असतात. हिर्सुटमच्या छदकांना सात ते बारा लांब, निमुळते दाते असतात, इतके लांब की प्रत्येक दात्याची लांबी त्याच्या रुंदीच्या तिप्पट किंवा अधिक भरते. बार्बाडेन्समध्येही दाते असेच लांब असून त्यांची संख्या बहुधा आणखी जास्त असते. देशी जातींत ही तीन छदके तळाशी एकमेकांना थोडी जोडलेली असतात, तर अमेरिकन जातींत ती तळापर्यंत सुटी असतात. त्यामुळे एक पाते हातात घेऊन त्याची छदके अलगद मागे वाकवली, तरी ते झाड कोणत्या खंडातून आले याचा निम्मा उलगडा होतो.

दुसरी जागा बोंडाची. आर्बोरियमचे बोंड टोकाकडे निमुळते होत जाते, त्याच्या सालीवर बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात काळसर तेलग्रंथी असते. बोंड पिकले की त्याचे कप्पे पूर्ण उघडतात. हर्बेसियमचे बोंड गोलसर असून खांदे वर आल्यासारखे दिसते, साल जवळपास गुळगुळीत असते आणि पिकल्यावरही ते जेमतेम उघडते. गुजरातेतील ‘वागड’ प्रकारात तर बोंड जवळजवळ मिटलेलेच राहते, त्यामुळे शेतात कापूस वेचण्याऐवजी आख्खी बोंडे तोडून घरी आणण्याची रीत तिकडे पडली. हिर्सुटमचे बोंड मोठे, फिकट हिरवे आणि गुळगुळीत असते, तर बार्बाडेन्सच्या बोंडावर काळ्या ग्रंथींचे खोल खळगे उठून दिसतात. या ग्रंथींत ‘गॉसिपॉल’ नावाचे कडू, विषारी द्रव्य असते, ते झाडाचे किडींपासून रक्षण करते, आणि त्याच्यामुळेच सरकीचे तेल शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही.

तिसरी खूण फुलाच्या आत असते. कपाशीच्या फुलात पुंकेसरांची मिळून एक नळी झालेली असते. हिर्सुटममध्ये ही नळी आखूड असून तिच्यावरचे केसर लांबट, विरळ आणि कमी-अधिक लांबीचे असतात. बार्बाडेन्समध्ये नळी लांब आणि केसर आखूड, दाट व एकसारखे असतात. पाकळ्यांचा रंगही बोलका असतो, कारण हिर्सुटमचे फूल सकाळी मलईच्या रंगाचे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, तर बार्बाडेन्सचे फूल पिवळे असून पाकळीच्या तळाशी जांभळट ठिपका असतो. देशी जातींतही पिवळी पाकळी आणि तांबडा ठिपका हीच सर्वसाधारण ठेवण आहे. मात्र रंगाच्या खुणेवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न वऱ्हाडातच उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर सोपे नव्हते.

पान आणि पाकळी यांनी केलेली फसगत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा जगाच्या कापूस-व्यापाराचा महत्त्वाचा प्रदेश बनला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, मुंबईत भाव चढले, आणि युद्ध संपल्यावरही वऱ्हाडच्या कापसाकडे इंग्रज सरकारचे लक्ष राहिले. १८७० मध्ये खामगावचा लोहमार्ग आणि कापसाचा बाजार यांचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. त्या काळी वऱ्हाडात ‘बनी’ आणि ‘जरी’ ही दोन नावे चालत. बनीचा धागा लांब आणि मऊ होता पण रुईचा उतारा कमी होता. जरी आखूड व भरड धाग्याची होती पण तिचा उतारा चांगला आणि पीक खात्रीचे होते, म्हणून शेतकऱ्याने हळूहळू जरीच पसंत केली. ही जरी म्हणजे एकाच शेतात उभे असलेले अनेक प्रकारांचे मिश्रण होते. त्यात पिवळ्या फुलांची झाडे होती तशी पांढऱ्या फुलांचीही होती, रुंद पाकळांच्या पानांची होती तशी बोटांसारख्या चिरलेल्या पानांचीही होती.

वनस्पतिशास्त्रज्ञांपुढे प्रश्न पडला तो या मिश्रणाचे करायचे काय हा. जी. ए. गॅमी यांचा भारतीय कापसांवरचा ग्रंथ १९०५ मध्ये आणि जॉर्ज वॅट यांचा जगातील रानटी व लागवडीच्या कापसांवरचा जाडजूड ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या लेखनात नेग्लेक्टम, इंडिकम, सर्नुअम, ऑब्ट्यूसिफोलियम अशी अनेक नावे जातीच्या किंवा उपजातीच्या दर्जाने वावरताना दिसतात. पांढऱ्या फुलांची, भरपूर उताऱ्याची ‘रोझियम’ वेगळी नोंदली गेली, आणि पुढे वऱ्हाडात तिचीच निवड करून ती पसरवली गेली. डोळ्यांना जे ठळक दिसते ते मूलभूत असणार, असे गृहीत या वर्गीकरणामागे होते.

मेंडेलच्या नियमांचा १९०० मध्ये पुन्हा शोध लागल्यावर या गृहीताला तडा गेला. कानपूर येथे काम करणाऱ्या एच. मार्टिन लीक यांनी देशी कपाशीच्या संकरांत पानाचे खाचे आणि पाकळीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते तपासून १९११ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’च्या पहिल्याच खंडात मांडले. पुढे होळकर संस्थानातील इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त, म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये उभारलेल्या संस्थेत, जोसेफ हचिन्सन यांनी १९३० च्या दशकात देशी कपाशीची आनुवंशिकता पद्धतशीर अभ्यासली. रुंद पान आणि चिरलेले पान यांतला फरक मुख्यतः एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांमुळे पडतो, असे या कामातून दिसले. जनुक म्हणजे आनुवंशिक माहितीचा एक घटक, आणि त्याची पर्यायी रूपे म्हणजे त्याच माहितीचे थोडे बदललेले पाठभेद. एका जनुकाच्या एका बदलाने पानाचे रूप पालटत असेल, तर केवळ पानावरून जाती पाडणे म्हणजे एकाच घरातील माणसांना केसांच्या रंगावरून वेगवेगळ्या कुळांत घालण्यासारखे ठरते. हिर्सुटममधील भेंडीसारख्या चिरलेल्या पानाचे जनुक तर २०१७ मध्ये नेमके सापडले, आणि तिथेही मूळ कारण एकाच जनुकात निघाले.

या सगळ्या मंथनातून हचिन्सन, सिलो आणि स्टीफन्स यांचा गॉसिपियमच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९४७ मध्ये आला. जुन्या नावांची गर्दी हटवून त्यांनी प्रजातीत २० जाती मानल्या. बनी, जरी, रोझियम, मराठवाड्यातील गावरानी हे सारे प्रकार आर्बोरियम या एकाच जातीत आले, आणि त्यांतील फरक जातीखालच्या ‘वंश’ या पातळीवर उतरले. आर्बोरियमचे सिलो यांनी पाडलेले सहा वंश भौगोलिक आहेत: बेंगालेन्स, इंडिकम, बर्मानिकम, सर्नुअम, सिनेन्स आणि सुदानेन्स. छदकांचा आकार, बोंडाची साल, केसरांची नळी या खुणा मात्र जातीच्या पातळीवर टिकून राहिल्या. पानाचा आकार एका जनुकाच्या खेळाने बदलतो. छदक व बोंड यांची एकत्र येणारी ठेवण अनेक जनुकांच्या मेळातून घडते, आणि तो मेळ संकराशिवाय सहजी मोडत नाही. म्हणूनच लहानशा छदकाला मोठ्या पानापेक्षा जास्त वजन मिळाले.

तेरा, सव्वीस आणि एकोणचाळीस

पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक द्रव्य दोऱ्यांसारख्या गुणसूत्रांत बांधलेले असते, आणि प्रत्येक जातीत त्यांची संख्या ठरलेली असते. देशी कपाशीच्या दोन्ही जातींत गुणसूत्रे २६, म्हणजे १३ जोड्या असतात; अमेरिकन कपाशीच्या दोन्ही जातींत ती ५२, म्हणजे २६ जोड्या असतात. देशी आणि हिर्सुटम यांचा संकर प्रयत्नपूर्वक केला, तर निघणाऱ्या झाडात ३९ गुणसूत्रे येतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो. या झाडात १३ जोड्या जमतात आणि १३ गुणसूत्रे एकटी पडतात, त्यांची वाटणी वेडीवाकडी होते आणि झाडाला बी धरत नाही.

या वांझपणातूनच कपाशीच्या कुळाचे रहस्य उलगडले. डेन्मार्कचे पेशीवैज्ञानिक ए. स्कोव्हस्टेड यांनी १९३४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की अमेरिकन कपाशीतल्या गुणसूत्रांच्या १३ जोड्या आकाराने मोठ्या आणि १३ लहान आहेत, आणि देशी कपाशीशी संकर केल्यावर जोड्या जमतात त्या मोठ्या गुणसूत्रांच्या. लहान गुणसूत्रे अमेरिकेतील रानटी कपाशीच्या गुणसूत्रांसारखी होती. म्हणजे अमेरिकन कपाशी ही देशीसारख्या एका जातीचा आणि अमेरिकेतल्या रानटी जातीचा प्राचीन संकर असून, त्या संकरात दोन्हींचे संपूर्ण संच एकत्र राहिले आहेत. शास्त्रज्ञ देशी संचाला ‘ए’ आणि अमेरिकन रानटी संचाला ‘डी’ म्हणतात. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या ‘एडी’ आहेत. १९४० मध्ये जे. ओ. बीझली यांनी आर्बोरियम आणि अमेरिकेतली रानटी थर्बेरी यांचा संकर करून, कोल्चिसीन या द्रव्याने त्याची गुणसूत्रे दुप्पट करून, हा अंदाज प्रत्यक्षात उतरवून दाखवला. त्यांच्या कृत्रिम झाडाचा अमेरिकन कपाशीशी संकर होऊ शकला.

जवळपास ऐंशी वर्षांनी स्कोव्हस्टेड यांच्या निरीक्षणाला दुसऱ्या बाजूने पुष्टी मिळाली. रानटी ‘डी’ गटातील रायमोंडी या जातीचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये आणि आर्बोरियमचा २०१४ मध्ये वाचला गेला. जनुकसंच म्हणजे पेशीतल्या सर्व आनुवंशिक मजकुराची चार अक्षरांत लिहिलेली बेरीज. आर्बोरियममध्ये ती सुमारे १७० कोटी अक्षरांची भरते, रायमोंडीमध्ये तिच्या जवळपास निम्मी. दोघींतील जनुकांची संख्या मात्र फारशी वेगळी नाही, दोन्हीकडे ती ४० हजारांच्या आसपास आहे. फरक पडतो तो स्वतःच्या प्रती काढून जनुकसंचात जागोजागी घुसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांमुळे. ‘ए’ संचात त्यांची अफाट भर पडली आहे. स्कोव्हस्टेड यांना काचेखाली गुणसूत्रे लहान-मोठी का दिसली याचे कारण हे आहे. दोन संचांच्या मूळ संकराचा काळ सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो, म्हणजे माणसाने शेती सुरू करण्याच्या फार आधी.

सख्ख्या बहिणी

खरी कसोटी लागते ती आर्बोरियम आणि हर्बेसियम यांना वेगळे ठरवताना. दोघींतही २६ गुणसूत्रे, दोघीही ‘ए’ संचाच्या, दोघीही हजारो वर्षे आशिया-आफ्रिकेत पिकलेल्या. महाराष्ट्रात मुख्यतः आर्बोरियम आणि गुजरात व उत्तर कर्नाटकात हर्बेसियम अशी त्यांची जुनी वाटणी होती. धारवाडचा ‘जयधर’ आणि गुजरातचा ‘दिग्विजय’ हे हर्बेसियमचे नामांकित वाण. आर्बोरियम आणि हर्बेसियम यांचा संकर सहज होतो आणि पहिल्या पिढीची झाडे जोमदार व बी धरणारी असतात. एवढ्यावरून त्या एकच जाती आहेत असे म्हणावेसे वाटते, कारण आपसांत सुपीक संतती देणाऱ्या जीवांचा गट म्हणजे जाती, अशी जीवशास्त्राची प्रसिद्ध व्याख्या आहे. पण दुसऱ्या पिढीत चित्र पालटते. अनेक झाडे खुरटतात, काही वांझ निघतात, आणि दोन्हींची लक्षणे मुक्तपणे मिसळण्याऐवजी मूळ जातींकडे झुकणारी झाडेच टिकतात.

याचे एक कारण सूक्ष्मदर्शकाने दाखवले. दोन जातींच्या संकरित झाडात बीजपेशी तयार होताना १३ सुट्या जोड्या जमण्याऐवजी ११ जोड्या आणि चार गुणसूत्रांचे एक कडे दिसते. दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांनी पूर्वी कधीतरी आपले तुकडे एकमेकांशी बदलले असतील, तरच असे कडे बनते, डी. यू. गर्स्टेल यांनी १९५३ मध्ये या अदलाबदलीची मांडणी केली. तुकडे बदललेले असल्यामुळे संकराच्या काही बीजपेशींत माहिती अपुरी पडते, आणि त्याशिवाय दोन्हीकडे स्वतंत्रपणे साठलेल्या जनुकांचे मेळही दुसऱ्या पिढीत विस्कटतात. छदक पाहून शेतात जी रेघ ओढली गेली होती, तीच रेघ गुणसूत्रांच्या रचनेत सापडली.

त्या दोघींची एकमेकींशी नेमकी कशी सोयरीक, हा प्रश्न मात्र डीएनए-वाचनापर्यंत थांबला. आधी हर्बेसियम लागवडीत आली आणि तिच्यातून आर्बोरियम निघाली, असे एक जुने मत होते. २०१६ मध्ये दोन्हींच्या अनेक झाडांच्या डीएनएची तुलना झाली, तेव्हा त्यांची ताटातूट लाखो वर्षांपूर्वीची निघाली, आणि दोन्ही जाती माणसाने स्वतंत्रपणे लागवडीत आणल्या हे स्पष्ट झाले. २०२० मध्ये हर्बेसियमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला; त्या अभ्यासात, अमेरिकन कपाशीला ‘ए’ संच देणारी जाती या दोघींपैकी कोणतीच नसून त्यांची आज अस्तित्वात नसलेली पूर्वज होती, असे अनुमान काढले गेले. हर्बेसियमचे रानटी रूप दक्षिण आफ्रिकेच्या भागात आजही सापडते, तर आर्बोरियमचे निःसंशय रानटी रूप कुठेच सापडत नाही.

जनुकांची साक्ष कुठे अपुरी पडते

डीएनएचे वाचन स्वस्त झाल्यापासून पानाचा एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवून जाती ठरवता येईल, असा विश्वास बळावला आहे. सर्व वनस्पतींत वाचायच्या ठराविक तुकड्यांची एक पद्धत २००९ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे आणि तिला ‘डीएनए बारकोड’ म्हणतात. यासाठी निवडलेले दोन मुख्य तुकडे हरितलवकातले आहेत. हरितलवक हा पानात अन्न तयार करणारा पेशीघटक असून त्याचे स्वतःचे डीएनए असते, आणि कपाशीत ते फक्त मातृवृक्षाकडून येते.

कपाशीत या पद्धतीची मर्यादा स्पष्ट दिसते. १९८९ मध्ये जोनाथन वेंडेल यांनी दाखवले की अमेरिकन कपाशीतले हरितलवक जुन्या जगातल्या ‘ए’ गटाचे आहे, म्हणजे त्या प्राचीन संकरात आई ‘ए’ गटाची होती. त्यामुळे नुसते हरितलवक वाचले, तर हिर्सुटम ही देशी कपाशीची जवळची नातलग दिसते आणि तिच्यातला अर्धा, अमेरिकन रानटी वारसा नजरेआड होतो. शिवाय आर्बोरियम आणि हर्बेसियम इतक्या निकट आहेत की छोट्या तुकड्यांत त्यांना वेगळे करणारे फरक थोडेच सापडतात. केंद्रकातला नेहमी वाचला जाणारा राइबोसोमचा तुकडाही अडचणीचा ठरतो, कारण त्याच्या असंख्य प्रती काळाच्या ओघात एकमेकींसारख्या होत जातात आणि संकरित जातीत बहुधा एकाच जनकाची खूण शिल्लक राहते.

म्हणून निकटच्या जातींसाठी संशोधक एका तुकड्यावर विसंबत नाहीत. जनुकसंचात दोन-तीन अक्षरांची आवर्तने असलेल्या जागा असतात, आणि आवर्तनांची संख्या झाडागणिक बदलते. अशा अनेक जागा एकत्र तपासल्या की झाडाचा ठसा मिळतो. एकेका अक्षराचे हजारो फरक एकाच वेळी तपासणारी पट्टीही अमेरिकन कपाशीसाठी २०१५ पासून उपलब्ध आहे. पण या ठशांचा अर्थ लावायला ज्यांची जाती आधीच निश्चित आहे अशी संदर्भझाडे लागतात, आणि ती निश्चिती शेवटी छदक, बोंड आणि केसर पाहूनच झालेली असते. संग्रहातल्या पाकिटावरचे नाव चुकीचे असेल, तर त्यावरचा डीएनएचा ठसाही तीच चूक पुढे नेतो.

धाग्यावरून जाती ठरवणे तर सर्वांत जोखमीचे. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापडाचे अवशेष सापडले, तेव्हा मुंबईत माटुंगा येथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतील ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी त्यांच्या तंतूंची मोजमापे करून ते आर्बोरियमशी जुळतात असे अनुमान मांडले. लांबी, जाडी आणि पीळ एवढ्याच खुणा हाती असताना याहून पक्के काही म्हणणे अवघड होते. आज तर धाग्याची लांबी ही जातीची खूण राहिलेलीच नाही. परभणीच्या मेहबूबबाग कापूस संशोधन केंद्राने ‘पीए २५५’ आणि ‘पीए ४०२’ असे लांब धाग्याचे देशी वाण काढले, त्यांचा धागा अमेरिकन कपाशीच्या बरोबरीला जातो.

पऱ्हाटीच्या ओळीतले मूग आणि उडीद

पऱ्हाटीच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून मूग किंवा उडीद घेण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे, आणि तिथेही हीच कोडी सापडतात. दोन्ही एकाच ‘विग्ना’ प्रजातीतल्या जाती असून दोघींत २२ गुणसूत्रे आहेत. कोवळ्या अवस्थेत रोपे चटकन वेगळी ओळखता येत नाहीत, पण शेंगा धरल्या की फरक उघड होतो: मुगाच्या शेंगा आडव्या किंवा खाली झुकलेल्या आणि आखूड लवेच्या, उडदाच्या शेंगा उभट आणि लांब केसांच्या. दाणा हातात घेतला, तर शेंगेला जोडल्याची जागा मुगात सपाट असते, उडदात तिच्याभोवती पांढरी उंच कड असते. दाण्याचा रंग मात्र फसवतो, कारण काळ्या दाण्याचे मूग आणि हिरव्या दाण्याचे उडीद दोन्ही असतात. संकर केला तर मूग आई असेल तेव्हाच तो बहुधा साधतो, उलट केला तर सहसा फसतो. रंग एका-दोन जनुकांवर फिरतो, दाण्यावरची कड आणि संकराची एकतर्फी रीत जातीच्या खोल भेदातून येतात. कपाशीने शिकवलेला नियम इथेही लागू पडतो.

बियाणे, कायदा आणि बाजार

हा सगळा खटाटोप केवळ नावे लावण्यासाठी नाही. देशाला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतातील कापसाच्या क्षेत्रात देशी जातींचा वाटा ९७ टक्के होता. पुढे १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकर दिला, १९७२ मध्ये धारवाडला बी. एच. कटारकी यांनी हिर्सुटम आणि बार्बाडेन्स यांच्या संकरातून ‘वरलक्ष्मी’ काढला, आणि अकोल्याचा ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ व नांदेडचा ‘एनएचएच-४४’ विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोहोचले. २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच देशातील ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिने व्यापले. बीटी हे जातीचे नाव नव्हे. हिर्सुटममध्ये एका जिवाणूचे बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जनुक घातले की ती बीटी होते. पानाचा रस काढून पट्टीवर रेघ उमटते का ते पाहणारी चाचणी हे प्रथिन ओळखते. झाडाची जाती किंवा वाणाची शुद्धता तिला सांगता येत नाही.

देशी जातींची गरज मात्र संपलेली नाही. कपाशीच्या पानांचा चुरडा-मुरडा करणारा विषाणू उत्तर भारतात हिर्सुटमचे मोठे नुकसान करतो, आर्बोरियमला तो लागत नाही. कोरडवाहू जमिनीत पावसाचा खंड पडला तर देशी झाड जास्त तग धरते आणि रस शोषणाऱ्या किडींना चांगले तोंड देते. हे गुण हिर्सुटममध्ये आणायचे तर ३९ गुणसूत्रांचा वांझ टप्पा ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडताना कोणते गुणसूत्र कोणाचे हे प्रत्येक पिढीत ओळखावे लागते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून या कामात आहेत. अकोल्याच्या ‘एकेए-७’ आणि ‘एकेए-८४०१’ या देशी वाणांची वंशावळ त्याच परंपरेतली.

वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांसंबंधीचा २००१ चा कायदाही लक्षणांवरच उभा आहे. नवा वाण नोंदवायचा तर तो इतरांपेक्षा वेगळा, स्वतःत एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर आहे हे शेतात वाढवून दाखवावे लागते. कपाशीसाठी ही नियमावली २६ गुणसूत्रांच्या जातींसाठी वेगळी आणि ५२ गुणसूत्रांच्या जातींसाठी वेगळी आहे. पानाचा आकार, पाकळीचा रंग, तिच्यावरचा ठिपका, बोंडाची साल अशा खुणा त्यात एकेक करून नोंदवल्या जातात. जाती ठरवताना कमी वजनाची ठरलेली पानाची खूण वाण ओळखताना मात्र अत्यंत मोलाची होते, कारण तिथे प्रश्न एका जातीच्या आतल्या भेदाचा असतो. एकच लक्षण एका पातळीवर निरर्थक आणि दुसऱ्या पातळीवर निर्णायक असू शकते, आणि कोणत्या पातळीवर ते वापरायचे हे आनुवंशिकतेच्या ज्ञानाशिवाय कळत नाही.

धामणगाव बढेसारख्या गावांच्या शिवारात या ज्ञानाला आज थेट उपयोग आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरी राखलेले ‘गावरान’ बियाणे म्हणून जे दाखवले जाते, ते खरोखर आर्बोरियम आहे की जुन्या संकराची मागे उरलेली हिर्सुटम संतती आहे, याचा पहिला निवाडा पाते हातात घेऊन काही क्षणांत करता येतो. छदके तळाशी जोडलेली, त्रिकोणी आणि जवळपास बिनदात्यांची असतील तर ते झाड देशी, आणि सुटी व लांब दात्यांची असतील तर अमेरिकन. त्यापुढचा प्रश्न, म्हणजे ते देशी झाड कोणत्या वंशाचे आणि त्यात इतरांचे मिश्रण किती, हा प्रयोगशाळेचा आहे. या क्रमाने गेले तर प्रयोगशाळेचा पैसा योग्य झाडावर खर्च होतो आणि शेतकऱ्याने राखलेल्या बियाण्याची नोंद खऱ्या नावाने होते. शेतातली नजर आणि जनुकांचे वाचन यांत श्रेष्ठ कोण हा वाद म्हणूनच फोल आहे: कोणते झाड तपासायचे हे नजर सांगते, नजरेला दिसलेल्या खुणेचे वजन जनुके सांगतात, आणि जातीचे नाव दोघांचा मेळ बसल्यावरच लिहायचे असते.